नक्कल करणारा हात: डेव्हिडच्या स्टुडिओपासून अजिंठ्याच्या भिंतीपर्यंत

चकलांब्यात तैलरंगावर बोलायचं ठरलं तेव्हा आम्हा दोघांपुढे पहिला प्रश्न होता, की दाखवायचं काय? आम्ही गेवराई तालुक्यातलेच. शाळेत असेपर्यंत आम्ही एकही मूळ तैलचित्र बघितलेलं नव्हतं. बघितली ती छापलेली. देवघरातली लक्ष्मी, ग्रामपंचायतीतले शिवाजी महाराज, वाण्याच्या दुकानातलं कॅलेंडर. म्हणून आज एक नक्कलच बरोबर आणली आहे. ती तिकडे टेबलावर आडवी ठेवलीय. लगेच जवळ जाऊ नका, तिच्याकडे शेवटी येऊ.

नक्कल हा शब्द मुद्दाम वापरतोय. चित्रकलेच्या तासाला आपल्याकडे सगळ्यात मोठा आरोप कोणता असतो? "बघून काढलंय." पोरानं घोडा चांगला काढला की शेजारचा लगेच म्हणतो, "सर, ह्यानं बघून काढलंय." आणि ज्यानं काढलं तो मान खाली घालतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना हे सांगायला नको. पण गंमत बघा, त्या परीक्षेत वस्तुचित्राचा पेपर असतो तो बघून काढायचाच असतो. समोर तांब्या ठेवलेला चालतो, समोर दुसऱ्याचं चित्र ठेवलेलं चालत नाही. हा फरक कुठून आला, आणि तो कायमच होता का? आजचं बोलणं त्यावर आहे.

आधी आमची फजिती सांगतो. तैलरंग म्हणजे काय, तर रंगाची पूड तेलात घोटलेली. आम्हाला वाटलं, तेल ते तेल. बाटलीतलं तेल महाग, घरात शेंगदाण्याचं तेल आहेच. एका मांजरपाटाच्या तुकड्यावर सरस आणि खडूचं अस्तर दिलं, पूड रंग घरच्या तेलात घोटला आणि मोठ्या हौसेनं लावला. पंधरा दिवसांनी चिकट. दोन महिन्यांनी चिकट. खळ्यावरची धूळ बसली, चिलटं बसली ती तिथंच राहिली. पुढं कळलं की शेंगदाण्याचं तेल वाळतच नाही. जवसाचं वाळतं. म्हणजे उडून जातं असं नव्हे. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं, त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. करडईचं तेलही वाळतं, जरा सावकाश. ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं म्हणून पांढऱ्या रंगात कारखानदार ते वापरतात. आता बघा, कापूस आपल्या रानात, जवस आणि करडई आपल्या मराठवाड्यात. युरोपच्या चित्रकाराचं निम्मं सामान आपल्या शेतात उभं होतं आणि आपण जवसाची चटणी करून भाकरीबरोबर खात होतो. त्यात वाईट काही नाही, चटणी चांगलीच असते!

तर मग शिकायचं कसं? आम्ही जो रस्ता धरला तो दोनशे वर्षांपूर्वीचा. एक मोठं ऐतिहासिक चित्र घ्यायचं आणि ते उतरवायचं. आम्ही घेतलं ते झाक लुई डेव्हिड या फ्रेंच चित्रकाराचं 'होरेशियस बंधूंची शपथ'. १७८४ मध्ये त्यानं ते रोममध्ये राहून रंगवलं आणि १७८५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते लागलं. आपल्याकडे तेव्हा पुण्यात सवाई माधवराव दहा-अकरा वर्षांचे होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल. चित्र आज लूव्ह्र संग्रहालयात आहे. सव्वातीन मीटरहून उंच, सव्वाचार मीटर रुंद. ह्या हॉलची ही भिंत जवळजवळ भरेल.

कथा रोमची. रोम आणि अल्बा या दोन नगरांचं भांडण. सगळ्या सैन्यानं मरण्यापेक्षा दोन्हीकडून तीन-तीन भाऊ लढतील असं ठरतं. रोमकडून होरेशियस घराण्याचे तिघे, अल्बाकडून क्युरिएशियस घराण्याचे तिघे. चित्रात डावीकडे तीन भाऊ हात पुढे करून उभे, मधे बाप तीन तलवारी उंच धरून, उजवीकडे बायका मान टाकून बसलेल्या. त्यातली एक, सबीना, सून आहे, पण तिचं माहेर समोरच्या घराण्यातलं. दुसरी, कॅमिला, घरची लेक, तिचं लग्न समोरच्यांपैकी एकाशी ठरलेलं. कोणीही जिंको, ह्या बायकांच्या घरात प्रेत येणारच. आपल्या भाऊबंदकीच्या प्रदेशात हे चित्र समजवायला काही कष्ट पडत नाहीत.

ह्या शैलीला नवअभिजातवाद म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. जुन्या ग्रीक-रोमन मूर्तींकडे बघा, तिथली रेषा घ्या, तिथला ठामपणा घ्या, फापटपसारा काढून टाका. रंग इतका गुळगुळीत लावायचा की ब्रशचा फटकारा दिसता कामा नये. आणि म्हणूनच शिकणाऱ्याला हे चित्र फार उपयोगाचं. फटकाऱ्यांची जादू नाही, सगळं मोजता येतं. मागच्या तीन कमानी बघा, तीन भाऊ एका कमानीखाली, बाप दुसऱ्या, बायका तिसऱ्या. चौकटी आखल्या की चित्र आपोआप सांगतं कोण कुठे बसलंय.

डेव्हिडच्या स्टुडिओत नक्कल हा आरोप नव्हता, काम होतं. ह्याच 'शपथे'ची एक लहान आवृत्ती १७८६ ची आहे, ती आज अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात आहे. तिच्यात त्याच्या शिष्याचा, जिरोदेचा, हात आहे. पुढे १७९३ मध्ये डेव्हिडनं 'माराचा मृत्यू' रंगवलं, त्याच्याही प्रती शिष्यांनी केल्या, कारण क्रांतीच्या सरकारला ते चित्र लोकांपर्यंत न्यायचं होतं. त्याच वर्षी राजाचा लूव्ह्र वाडा संग्रहालय म्हणून उघडला, आणि सुरुवातीच्या काळात तिथले कितीतरी दिवस फक्त चित्रकारांसाठी राखून ठेवलेले असत. कशासाठी? बसून नक्कल करायला. जनता नंतर.

आता महाराष्ट्रात येऊ. कारण ही पद्धत आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही.

पुण्याला इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. १७९० मध्ये टिपूविरुद्धचा तह झाला, त्याचा दरबार शनिवारवाड्यात भरला. हा प्रसंग रंगवायचा मॅलेटचा बेत होता. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, त्यानं सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे ह्यांना समोर बसवून चित्रं केली, दरबाराच्या चित्राची तयारी केली. आणि १७९५ च्या नोव्हेंबरात तापानं गेला. ते वर्षच तसं. मार्चमध्ये इथून फार लांब नसलेल्या खर्ड्याला लढाई झाली, ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. मग ते दरबाराचं चित्र कोणी पुरं केलं? थॉमस डॅनियलनं, लंडनमध्ये, वेल्सच्या कच्च्या चित्रांवरून. १८०५ मध्ये ते तिथल्या रॉयल अकॅडमीत लागलं. म्हणजे पेशवे दरबाराचं जे सगळ्यात प्रसिद्ध तैलचित्र, ते रंगवणारा त्या दरबारात नव्हता. दुसऱ्याचं बघूनच त्यानं काढलं. त्याला कोणी "सर, ह्यानं बघून काढलंय" म्हटलं नाही.

त्याच पुण्यात गंगाराम तांबट होता. मॅलेट आणि वेल्स ह्यांच्यासाठी काम करणारा मराठी चित्रकार. शनिवारवाड्यात चित्रशाळेसारखं काही काढलं होतं, तिथं इंग्रजी पद्धतीची रेखाटनं शिकवली जात. गंगारामनं पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, पहिलवान काढले, वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. वेल्सबरोबर राहून, त्याचं काम बघत तो शिकला. पण तो गेला तशी ती शाळाही गेली. ह्या माणसावर कोणीतरी एक वेगळं व्याख्यान द्यावं.

नंतर येते मुंबईची जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. सर जमशेटजी जीजीभॉय ह्यांनी एक लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. तिथं विद्यार्थ्यापुढे काय ठेवलं? ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लास्टरचे साचेबंद पुतळे. म्हणजे डेव्हिड रोमला जाऊन जे बघत होता त्याची पांढरी नक्कल मुंबईच्या दमट हवेत आली. आधी छापील आकृत्या उतरवायच्या, मग प्लास्टर, मग जिवंत माणूस, मग रंग. कोकणातून, कोल्हापुरातून, गोव्यातून आलेली पोरं सहा-सहा महिने एका प्लास्टरच्या कानाची छाया काढत बसायची. ह्यावर टीका पुष्कळ झालीय आणि ती बरोबरच आहे. ज्याच्या गावात काळ्या पाषाणाच्या मूर्ती आहेत त्याला पांढऱ्या अपोलोचं नाक कशाला? पण त्याच शाळेत एक उलटी गोष्टही घडली, आणि ती आपल्या मराठवाड्यात घडली.

जॉन ग्रिफिथ्स हा १८६५ मध्ये जे. जे. मध्ये शिकवायला आला. त्यानं अजिंठा बघितला आणि त्याच्या लक्षात आलं, की ह्या पोरांना शिकायला इटलीच्या भिंती नकोत, भिंती इथंच आहेत. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात, जसं आपलं चकलांबाही तेव्हा निजामाच्याच राज्यात. १८७२ पासून १८८५ पर्यंत तो विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जात राहिला. तेरा वर्षं. पेस्तनजी बोमनजी हा त्यातला नावाजलेला, पुढे मोठा चित्रकार झाला. कॅनव्हासवर तैलरंगात ते भिंती उतरवत होते. तीनशेच्या आसपास चित्रं झाली.

इथं थोडं थांबू, कारण खरी अडचण इथं आहे. अजिंठ्याच्या भिंतीत तेल नाही. खडबडीत दगडावर माती, भुसा, काड्या, तंतू ह्यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि वाळलेल्या पृष्ठभागावर सरसात कालवलेले मातीचे-दगडाचे रंग. निळा तर अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. हा रंग मॅट असतो, पिठासारखा, उजेड पितो. तैलरंग उजेड परत फेकतो. म्हणजे हा विद्यार्थी अंधाऱ्या लेण्यात बसून, एका जातीच्या रंगाचं भाषांतर दुसऱ्या जातीच्या रंगात करतोय. त्याच्या हाताला सवय प्लास्टरच्या कानाची, जिथं एका बाजूनं उजेड येतो आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. अजिंठ्यात तशी सावली नाही. तिथं रेषा वळते आणि गाल गोल होतो. ग्रिफिथ्सला हे कळलं होतं. सोळाव्या लेण्यातल्या त्या मरणासन्न राजकन्येच्या चित्राबद्दल त्यानं लिहिलंय, त्याचा आशय असा: फ्लोरेन्सचा चित्रकार रेखाटन अधिक चांगलं करेल, व्हेनिसचा रंग अधिक चांगला लावेल, पण ह्याहून जास्त भाव दोघांनाही आणता येणार नाही. एका ब्रिटिश मास्तरानं त्या काळात हे म्हणणं लहान गोष्ट नव्हती. आम्हाला मात्र त्यात एक वाकडं वाटतं. मोजायची फूटपट्टी तरीही इटलीचीच.

ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिल होता. मद्रास फौजेतला अधिकारी. १८४४ मध्ये कंपनीनं त्याला अजिंठ्याच्या नकला करायला नेमलं. तो आला तो तिथलाच झाला. त्याची आणि पारोची गोष्ट तुम्हाला सिनेमा-नाटकातून माहीत आहे, ती इथं सांगत नाही. त्याच्या कामाचं काय झालं ते सांगतो. मोठमोठे कॅनव्हास, वर्षानुवर्षांची मेहनत, बैलगाडी, बोट, लंडन. तिथं क्रिस्टल पॅलेसमध्ये ते लावले. १८६६ च्या डिसेंबरात तिथं आग लागली. मोजकी चार-दोन वाचली, बाकी सगळं गेलं. जवसाचं तेल काय करतं हे मघाशी सांगितलं, वाळतं. आणि पेटतंही चांगलं. गिल १८७९ मध्ये गेला, भुसावळला त्याची कबर आहे.

मग ग्रिफिथ्सच्या पोरांनी पुन्हा सुरुवातीपासून सगळं केलं. पुन्हा लंडन, साउथ केन्सिंग्टन. १८८५ मध्ये पुन्हा आग. शंभरावर चित्रं जळाली किंवा खराब झाली. उरलेल्यांवरून १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सनं दोन खंडांचं पुस्तक काढलं, आणि राहिलेले कॅनव्हास आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. त्यांना आज फार किंमत आहे, कारण मूळ भिंतीचे काही तुकडे त्यानंतर गळून पडले. जिथं भिंत नाही तिथं नक्कलच साक्षीदार.

पण भिंत गेली ती नुसती काळानं नव्हे. नक्कल करताना रंग नीट दिसावा म्हणून भिंतीवर वार्निश फासलं गेलं. ओलं असताना छान दिसतं, नदीतला गोटा ओला केल्यावर कसा चमकतो, तसं. पण वार्निश पिवळं होतं, मग तांबूस, मग काळपट. वरचा थर आक्रसतो आणि खालचा रंग सोबत उचलून आणतो. ज्या माणसानं ह्या चित्रांना जगापुढे मांडलं त्याच्याच हातून हे झालं. पुढे १९२० ते २२ मध्ये निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले, चेक्कोनी आणि ओर्सिनी. त्यांनी पापुद्रे भिंतीला चिकटवले, वाचवलं पुष्कळ, पण त्यांनी लाख वापरली आणि तीही पिवळी पडली. भारतीय पुरातत्त्व खात्याचे लोक पुढची कित्येक वर्षं हे थर हळूहळू काढत बसले.

आम्ही नक्कलेची बाजू घेऊन बोलायला आलोय, तरी हे लपवणार नाही. नक्कल करणारा माणूस मूळ चित्राकडे जितका वेळ बघतो तितका कोणी बघत नाही. आणि त्याच वेळी त्याला घाई असते, आपली नक्कल चांगली व्हावी ह्याची. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात असतात. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम आली, नंदलाल बोस आणि मंडळी आली, हैदराबादहून सय्यद अहमद आले. त्यांनी जलरंगात, भिंतीच्या जवळ जाणाऱ्या रंगात नकला केल्या. तैलरंगाचा हट्ट सुटला. ते बरं झालं.

मघाच्या प्रश्नाकडे येतो. मग ज्याला मूळ बघायलाच मिळत नाही त्यानं काय करायचं? राजा रविवर्म्याचं उदाहरण घ्या. १८६८ मध्ये त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार आला. त्यानं रविवर्म्याला शिकवलं नाही, फक्त काम करताना बघू दिलं. बाकी त्यानं छापील चित्रांवरून आणि स्वतःच्या हातानं काढलं. पुढे त्याच्याच चित्रांच्या छापील नकला मुंबईच्या आणि मळवलीच्या छापखान्यातून निघाल्या, आणि त्या आमच्या आजीच्या देवघरात आल्या. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर, आनंदराव पेंटर, हेही शाळेत न जाता शिकले. नाटकाचे पडदे रंगवत. पडद्यावर युरोपियन पद्धतीचा महाल, त्यात मराठी नट. मोठ्या मापात, लांबून दिसेल असं काढायचं हे त्यांना पडद्यानं शिकवलं.

आता आमच्या टेबलावरच्या नक्कलेकडे या. चौथाई मापाची आहे, साधारण ८२ बाय १०६ सेंटीमीटर. मांजरपाट दुहेरी. ह्या वेळेला तेल जवसाचं! आधी चौकटी आखल्या, रेषा काढली, मग तपकिरी रंगात फक्त उजेड-सावली, तो थर पूर्ण वाळू दिला, मग वर रंग. नियम एकच लक्षात ठेवा: खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात, आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात पडतात तशा. बापाच्या तांबड्या वस्त्रावर उजवीकडे बघा, दिसतील. ते आमचं काम.

भावांचे पाय पंधरा दिवसांत झाले. तलवारी झाल्या. आम्हाला वाटलं अवघड भाग संपला. बायकांकडे आलो आणि हात थांबला. भाऊ सगळे सरळ रेषेत, मोजून काढता येतात. बायका सगळ्या वळणात. मान कुठे संपते आणि खांदा कुठे सुरू होतो ते चौकट सांगत नाही. पुढची कथा ठाऊक होती म्हणून असेल. लढाईत एकच भाऊ वाचून येतो, आणि होणाऱ्या नवऱ्यासाठी रडते म्हणून तो कॅमिलाला, स्वतःच्या बहिणीला, मारून टाकतो. डेव्हिडनं ते रंगवलं नाही. पण खांद्याचा तो उतार काढताना तीन वेळा पुसला.

आणि एक गोष्ट आम्हाला चार महिन्यांनी दिसली. बायकांच्या मागे एक म्हातारी दाई आहे, काळसर वस्त्रात, दोन लेकरांना पोटाशी धरून. तिनं त्यांचे डोळे झाकलेत असं आम्ही समजत होतो. आमच्याकडे जी छापील प्रत होती त्यात तो भाग नुसता डाग होता, म्हणून आम्हीही डागच काढला. नंतर संग्रहालयाचा मोठा फोटो मिळाला. मोठा पोरगा तिच्या बोटांच्या फटीतून बघतोय. बायकांकडे नाही, तलवारींकडे.

तो डोळा अजून रंगवायचा राहिलाय. खालचा थर वाळायची वाट बघतोय. आता जवळ येऊन बघा, पोरांना पुढे येऊ द्या. फक्त उजव्या कोपऱ्याला हात लावू नका, ओलं आहे.